बाजूला झालेला न्यायाधीश

माझी नोकरीच मुळी संशयाची आहे. बँकेत खातं उघडायला आलेला माणूस खरा कोण, त्याचा पैसा आला कुठून, तो सांगतो तोच धंदा करतो की आणखी काही, हे तपासायचं काम मी सिंगापूरला आल्यापासून करते. त्यामुळे दहाएक वर्षांपूर्वी पुण्याहून माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, फोन आला आणि ती म्हणाली, "एका मुलाची चौकशी करायची आहे, तिकडेच असतो," तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. घरच्यांना माझ्या कामाचा पहिल्यांदाच काही उपयोग होणार होता.

ताईच्या मुलीला, माझ्या भाचीला, स्थळ आलं होतं. मुलगा वकील. पुण्यात कायद्याची पदवी घेतलेली, कोर्टात एका ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी केलेली, आणि आता सिंगापुरात पीएचडी. दोघं एकदा पुण्यात भेटली होती, मग व्हिडिओ कॉल सुरू झाले, आणि भाचीला तो आवडला होता. ताईला मात्र एक गोष्ट खुपत होती. कोर्ट सुटलं आणि सिंगापूर सुरू झालं, या दोन्हींच्या मध्ये दोन वर्षं कोरी होती. मध्यस्थाला विचारलं तर म्हणे, घरी अभ्यास करत होता. आमच्या बँकेत ज्यांना आपला धंदा सांगायचा नसतो ते 'सल्लागार' असं लिहितात, त्यातलाच हा प्रकार.

"तूच बघ," ताई म्हणाली. "तू हो म्हणालीस तर मी हो म्हणेन."

हे ओझं किती असतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या एका आत्याने फार वर्षांपूर्वी एका मुलाबद्दल "सोन्यासारखा आहे" असं सांगितलं होतं. तो पुढे कसा निघाला ते सोडा, पण आत्या कार्याला आली की आजही लोक तिच्याशी हवापाण्याचंच बोलतात. म्हणून चौकशी करणारी माणसं शब्द जपून वापरतात. आमच्याकडे कुणी मुलगा वाईट आहे असं सांगत नाही. "आम्हाला फारशी माहिती नाही बुवा," एवढं म्हणतात, आणि ऐकणारा काय समजायचं ते समजतो. आणखी एक नियम असा की ज्याची चौकशी करायची त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं. त्याला स्वतःला विचारणं असभ्य दिसतं.

इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत मी त्याला गाठलं. उंच, किडकिडीत, बोलायला मऊ. भाचीची मावशी आहे हे सांगितलं नाही. माझी मुलगी सेकंडरीत आहे आणि इतिहासात गटांगळ्या खातेय, एवढंच म्हटलं, आणि ते खरंच होतं. तो लगेच म्हणाला, "मी येईन शनिवारी. कुठे राहता, काकू?"

मी राहते पासिर रिसला. तो क्लेमेंटीत एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहायचा. एमआरटीने, इथल्या मेट्रोने, म्हणजे बेटाचं जवळजवळ एक टोक ते दुसरं टोक. मी फीचं विचारलं तर हात जोडून म्हणाला, "काकू, फी कसली?" इतक्या लांबून, दर शनिवारी, फुकट. मी मनात पहिली खूण केली.

"पीएचडी कशात करतोस?" मी विचारलं.

"एका अमेरिकन न्यायाधीशावर. एकोणिसाव्या शतकातल्या."

हातातला मोदक मी खाली ठेवला. पुण्याचा वकील, सिंगापूरचं विद्यापीठ, आणि अमेरिकेत कधीचा मरून गेलेला न्यायाधीश. तीन देशांत पाय असलेला असा ग्राहक समोर आला की मी साहेबांना बोलावते. त्याने समजावून सांगितलं की या विषयातले जाणकार प्राध्यापक इथेच आहेत, जुनी वर्तमानपत्रं आणि कोर्टाची कागदपत्रं आता कॉम्प्युटरवर मिळतात, क्लेमेंटीत बसून वाचता येतात. सगळं पटण्यासारखं होतं. सगळं पटण्यासारखं असलं की मी जास्त सावध होते.

शनिवार सुरू झाले. इथल्या इतिहासाच्या पेपरात मुलांना जुने उतारे देतात आणि विचारतात, यावर विश्वास ठेवावा का? तो मुलीला शिकवायचा, बोलणारा कोण आहे ते बघ, कुणाला सांगतोय ते बघ, आणि हे सांगून त्याला काय मिळणार होतं तेही बघ. मी शेजारी लॅपटॉप उघडून बसायचे आणि कान तिकडे. मनात म्हणायचे, बाळा, हे तू मला शिकवतोयस.

शिकवून झालं की मी जेवायला थांबवायचे आणि त्याच्या न्यायाधीशाचा विषय काढायचे. माणूस दुसऱ्याबद्दल बोलताना स्वतःबद्दल सांगून जातो, हा माझा अनुभव आहे.

तो न्यायाधीश शेतकऱ्याचा मुलगा. आधी किराणा दुकानात नोकरीला होता. तेव्हा तिथे वकील व्हायला कॉलेज लागायचं नाही. गावातल्या एखाद्या वकिलाच्या कचेरीत राहायचं, झाडलोट करायची, दावे हाताने उतरवून काढायचे आणि त्याचीच पुस्तकं वाचायची. मग एक दिवस एखादा न्यायाधीश चार प्रश्न विचारून सनद द्यायचा.

"म्हणजे पदवी नाहीच?" मी विचारलं.

"नाही."

"मग तपासलं कुणी?"

तो हसायचा. पुढे म्हणे हा माणूस घोड्यावरून गावोगाव फिरणाऱ्या कोर्टाच्या मागे हिंडला. खाणावळीत जागा कमी, म्हणून दिवसा ज्या वकिलाशी भांडायचं, रात्री त्याच्याच शेजारी एका खाटेवर झोपायचं. मग राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. तिथे रेल्वेवर तुटून पडला. रेल्वे कंपनी शेतकऱ्यांच्या जमिनी गिळतेय, अशी त्याची भाषणं वर्तमानपत्रांत छापून यायची. त्याच सुमारास रेल्वेकडून आमदारांना फुकट प्रवासाचा पास मिळायचा. सगळे घ्यायचे. यानेही घेतला.

"घेतला?"

"घेतला. भाषण करायला त्याच पासावर जायचा."

नंतर तो वॉशिंग्टनच्या संसदेच्या निवडणुकीला उभा राहून पडला. पक्ष बदलला. आणि मग दोन वर्षं काहीच नाही. कोर्टात नाव नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. दोन वर्षांनी अचानक गव्हर्नरने त्याला राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टावर न्यायाधीश नेमलं. दोन वर्षं म्हटल्यावर मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. तो शांतपणे ताक पीत होता.

पुढची गोष्ट अशी की काही वर्षांनी शेतकरी विरुद्ध रेल्वे असा जमिनीचा मोठा खटला त्याच्याच कोर्टापुढे आला. सगळं राज्य बघत होतं. सुनावणी सुरू व्हायच्या वेळी हा उठला, "या खटल्यात मी बसणार नाही" म्हणाला आणि निघून गेला. कारण सांगितलं नाही. उरलेल्या न्यायाधीशांनी रेल्वेच्या बाजूने निकाल दिला. हा त्यानंतर म्हातारा होईपर्यंत त्याच कोर्टात बसला, सन्मानाने निवृत्त झाला, पण त्या दिवसाबद्दल कधी एक अक्षर बोलला नाही.

"पैसे खाल्ले," मी म्हणाले.

"काहीजण म्हणतात प्रामाणिक होता. पास घेतला होता, म्हणून बाजूला झाला."

"प्रामाणिक असता तर पास परत केला असता."

"पैसे खाल्ले असते तर बसला असता ना, काकू? बसून रेल्वेच्या बाजूने निकाल दिला असता."

"निकाल द्यायला बाकीचे होते की. हा हात झटकून मोकळा. त्याने बोलायला हवं तेव्हा गप्प बसला, म्हणजे काहीतरी होतं."

माझी मुलगी फोनमधून डोकं वर न काढता, इथल्या इंग्रजीत म्हणाली, "मम्मी इज अ बायस्ड सोर्स, लाह."

ताईला मी दर रविवारी कळवत होते. व्यसन दिसत नाही. बोलणं नीट. चपला बाहेर सरळ लावून ठेवतो. एकच वाईट खोड होती आणि तीही मी सांगितली. ताट वाढलं की हा कुणासाठी थांबायचा नाही. आम्ही बसायच्या आत पोळीचा तुकडा तोंडात. भाजी आली की भाजीचा घास, आमटी आली की आमटीचा घोट. प्रत्येक पदार्थ आधी याच्या तोंडात जायचा, आणि मग मात्र ताटावर हात ठेवून बाकीच्यांची वाट बघत बसायचा.

"थोडा हावरट आहे," मी म्हणाले.

"ते चालेल," ताई म्हणाली. "दोन वर्षांचं काय?"

त्यासाठी मी क्लेमेंटीला जाऊन आले. खोली बघायची आहे असं सांगून त्याच्या घरमालकिणीकडे चहा प्यायले. चिनी म्हातारी, बोलकी. "गुड बॉय, एव्हरीडे स्टडी, सो क्वाएट वन," एवढंच हाती लागलं. मग त्याचा कॉलेजचा एक मित्र आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत आहे असं कळलं. त्याला ओळखीतून ओळख काढून फोन केला. तो आधी गोड बोलला, आणि दोन वर्षांचा विषय निघताच अडखळला. म्हणाला, "तेव्हा तो कुणाचे फोन घ्यायचा नाही. मी एकदा घरी गेलो होतो. त्याने मला आत घेतलं नाही, दारातूनच परत पाठवलं."

मग माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. आधीचं लग्न, पोलीस, कर्ज, सगळं येऊन गेलं. भाचीचे हसरे फोटो बघितले की मला त्या मुलाचा राग यायचा. आणि शनिवारी तो दारात उभा राहिला की राग जायचा, हे त्याहून वाईट. माझी मुलगी पहिल्यांदाच इतिहासात पास झाली होती. मला तो आवडायला लागला होता आणि त्यामुळे मी माझ्याच कामाची राहिले नव्हते.

एका शनिवारी मुलगी शाळेच्या खेळाला गेली होती, यायला उशीर होता. मी थालीपीठ लावलं. ताटात पडल्यापडल्या त्याने तुकडा मोडून तोंडात टाकला, मग लोण्याला बोट लावलं, मग लोणचं. आठवडाभर बँकेत डोकं फिरलेलं होतं, मी फटकन बोलून गेले, "घाई कसली रे एवढी? कुणी पळवतंय का?"

त्याचा हात तिथेच थांबला. पुसला त्याने. मग म्हणाला, "सवय आहे, काकू. आईसाठी लागलेली."

वडील गेल्यावर त्याच्या आईच्या मनाने घेतलं होतं की जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय. शेजारी, दूधवाला, पाहुणे, पुढे पुढे नात्यातलेसुद्धा. ती जेवेना. तो समोर बसून प्रत्येक पदार्थ आधी खाऊन दाखवायचा, मग ती तेवढाच पदार्थ खायची. एक चुकला तर तो तसाच राहायचा. बाहेरचं कुणी घरात आलेलं चालायचं नाही, फोन वाजलेला चालायचा नाही. बहीण नाशिकला, तिचं बाळ लहान. याने कोर्ट सोडलं आणि दोन वर्षं आईसमोर बसून पहिला घास खाल्ला. मग एका डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. आता आई बहिणीकडे असते, स्वयंपाक करते, फोनवर यालाच विचारते की जेवलास का.

"मामा म्हणाले, साखरपुडा होईपर्यंत कुठे बोलू नकोस," तो म्हणाला. "मुलीकडचे घाबरतात." मग थोडं हसून म्हणाला, "तुम्ही पुण्याला कळवत असता ते मला माहीत आहे. तुमच्या भाचीने सांगितलं होतं, तिची एक मावशी इथेच असते. घरमालकीण म्हणाली, एक बाई आली होती, तिने खोली बघितलीच नाही, माझंच विचारत होती. तुम्हाला कळवायचं तर कळवा, काकू. मी काही म्हणणार नाही."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी त्याच्याबद्दल माया वाटली, आणि लगेच पाठोपाठ भीती वाटली. हे सांगितलं आणि ताईने स्थळ मोडलं, तर या मुलाचं मी वाटोळं केलं. नाही सांगितलं, मुलगा चांगला आहे म्हटलं, आणि उद्या भाचीच्या संसारात काही वाकडं झालं, तर मी ती आत्या.

रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "ताई, मी यातून बाजूला होते. तू दुसऱ्या कुणाला तरी विचार."

"काय झालं?"

"काही नाही. मी नाही सांगू शकत."

"समजलं," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

काय समजलं असेल ते मला फोन खाली ठेवायच्या आत कळलं. इतकी वर्षं चौकश्यांची भाषा ऐकत आलेय. मी चांगलं बोलले असते, वाईट बोलले असते, तरी निदान वाद घालता आला असता. मी बाजूला झाले होते, म्हणजे काहीतरी होतं. स्थळ मी मोडलं होतं.

मी त्याला फोन लावला. झालं ते सांगितलं आणि विचारलं, "आता मी तिला सगळं सांगू का?"

"नको. मला नंबर द्या त्यांचा."

"अरे, मुलाने मुलीच्या आईला असा फोन करायचा नसतो. तुझे मामा आहेत, मध्यस्थ आहेत."

"द्या, काकू."

दिला. नंतरचे दोन दिवस मी बँकेत तीच ती फाइल उघडून बसले होते. मंगळवारी संध्याकाळी ताईचा फोन आला.

"मुलगा आगाऊ आहे," ती म्हणाली.

"हो."

"आईचं सगळं सांगितलं. गोळ्यांची नावं सांगितली. डॉक्टरांचा नंबर दिला आणि वर मलाच म्हणतो, चौकशी करा. मी काय विचारणार गं त्याला? दोन वर्षं काय केलं, हेच विचारायचं होतं मला."

"आणि मुलगी?"

"हे मला आधी का नाही सांगितलं म्हणून त्याच्यावर रागावलीय. आठवडाभर बोलणार नाही म्हणाली. म्हणजे करणार लग्न." मग तिने विचारलं, "तो तुझ्या मुलीला फुकट शिकवतो?"

"दर शनिवारी," मी म्हणाले.

"तेही त्यानेच सांगितलं. म्हणाला, काकू माझ्याबद्दल काही चांगलं बोलल्या असतील तर ते हे लक्षात ठेवून ऐका. इतक्या रविवारी तू मला त्याच्या चपला कशा असतात ते सांगितलंस. हे नाही सांगितलंस."

पुढच्या शनिवारी मी पाकीट तयार ठेवलं होतं. त्याने ते घेतलं नाही आणि मी आग्रहही फार केला नाही. मुलगी तिच्या खोलीत गेल्यावर मीच विषय काढला. "त्या तुझ्या न्यायाधीशाचं काय झालं? का उठला असेल तो?"

"तुम्ही का उठलात?" त्याने विचारलं. टोचायला नाही, खरंच विचारलं.

"भीती वाटली," मी म्हणाले. "कसाही निकाल दिला असता तरी माझ्या नावावर आला असता."

तो विचारात पडला. "मी दोनच कारणं धरली होती. एक तर चोर, नाहीतर साधू. घाबरला असेल हे मी धरलंच नव्हतं."

"मग आता धर. पण पास त्याने परत करायला हवा होता, ते मी सोडणार नाही."

लग्न पुण्यात झालं. जेवणं झाली आणि शेवटी विहिणीची पंगत बसली. मुलाच्या आईला मानाने मधल्या पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, समई. मुलीकडच्या बायका वाढायला उभ्या. विहिणीने सुरुवात केल्याशिवाय पंगत जेवत नाही, आणि मुलीची आई तर त्या वेळी नुसती आग्रह करत उभी असते.

मुलाची आई, लहानखुरी बाई, ताटाकडे बघत बसली होती. गर्दी, अनोळखी आचारी, अनोळखी हात. तिने जिलबीला बोट लावलं आणि हात मांडीवर घेतला. कुणीतरी म्हणालं, "घ्या ना विहीणबाई." तिने मान हलवली आणि तरी घेतलं नाही. दाराशी फोटोवाल्यांच्या घोळक्यात अडकलेला तिचा मुलगा मान उंच करून बघत होता, वाट काढत इकडे यायला लागला होता.

त्याच्या आधी ताई पोचली. हातातलं तुपाचं भांडं तिने माझ्याकडे दिलं, शालू सावरत विहिणीसमोर जमिनीवर बसली, आणि तिच्या ताटातल्या जिलबीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. मग मसालेभात. मग अळूची भाजी. मग कोशिंबीर, चटणी, लोणचं, एकही पदार्थ न सोडता, सावकाश, विहिणीच्या डोळ्यांत बघत. मुलीच्या आईने वरमायेच्या ताटातलं आधी खाल्लेलं आमच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

विहिणीने जिलबी उचलली.

माझ्या मागे मुलाकडची कुणी लांबची बाई होती. ती शेजारणीला हळूच म्हणाली, "हावरट दिसतात मुलीकडचे."

मी तुपाचं भांडं सांभाळत मागे वळले. "हो," मी म्हणाले, "आमच्याकडे सगळे असेच आहेत."